चारदीवारीतील व्यवसाय आणि पर्यायी वीज : जनित्राची निवड

जयपूरचा तटबंदीने वेढलेला मूळ भाग ‘चारदीवारी’ या नावाने ओळखला जातो. सवाई जयसिंह दुसरे यांनी 1727 मध्ये वसविलेल्या या नगराला युनेस्कोने 2019 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. तथापि, हा परिसर आजही गजबजलेली बाजारपेठ आहे. जोहरी बाजाराच्या आसपास रत्नांना पैलू पाडण्याचे व दागिन्यांचे काम चालते. मनिहारों का रास्ता लाखेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. वीज खंडित झाली की पैलू पाडणारे चाक थांबते आणि रोजंदारीवरील कारागिराचे कामाचे तास बुडतात. 30 व 31 जुलै 2012 रोजी उत्तर ग्रीड कोसळले, तेव्हा राजस्थानसह अनेक राज्यांना याचा मोठ्या प्रमाणावर अनुभव आला. म्हणूनच पर्यायी विजेची सोय ही व्यावसायिकाची गरज ठरते. मात्र दाट वस्तीत या सोयीची किंमत शेजाऱ्यांनाही मोजावी लागते.

भाराचे गणित

जनित्राची क्षमता किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये (केव्हीए), तर उपकरणांचा भार किलोवॅटमध्ये सांगितला जातो. या दोहोंना जोडणारा घटक म्हणजे शक्तिगुणक. तो सामान्यतः 0.8 धरतात. समजा, एका कारखान्यात प्रत्येकी 500 वॅटची 8 यंत्रे, दिवे व संगणक यांसाठी 1 किलोवॅट आणि वातानुकूलनासाठी 3.5 किलोवॅट वीज लागते. एकूण भार 8.5 किलोवॅट झाला. परंतु वीज गेल्यावर वातानुकूलन बंद ठेवता येत असेल, तर अत्यावश्यक भार केवळ 5 किलोवॅट उरतो. त्यास 0.8 ने भागल्यास 6.25 केव्हीए येतात. 25 टक्के राखीव क्षमता धरल्यास ही गरज सुमारे 7.8 केव्हीए होते आणि 10 केव्हीएचे जनित्र पुरेसे ठरते. सर्व भार चालवायचा झाल्यास 15 केव्हीएचे जनित्र लागेल.

विद्युत मोटर थेट सुरू केल्यास क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. म्हणून सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू न करता क्रमाने सुरू करावीत. तसेच जयपूरच्या उन्हाळ्यात तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि उष्ण हवेत इंजिनाची क्षमता घटते, हेही विचारात घ्यावे लागते.

‘मोठे घेतले की चिंता मिटली’ हा समज मात्र चुकीचा आहे. 5 किलोवॅट भारासाठी 25 केव्हीएचे जनित्र घेतल्यास ते क्षमतेच्या 25 टक्केच चालेल. दीर्घकाळ 30 टक्क्यांहून कमी भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनात इंधन पूर्ण जळत नाही, काजळी साचते आणि प्रत्येक युनिटमागे डिझेलचा खर्च वाढतो.

जागा, धूर आणि आवाज

जुन्या हवेलीच्या छतावर काही शे किलो वजनाचे, कंप पावणारे यंत्र ठेवण्यापूर्वी बांधकामाची तपासणी आवश्यक आहे. बंदिस्त तळघरात जनित्र चालविणे प्राणघातक ठरू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि गंधही नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार 25 केव्हीए जनित्राची धूरनळी इमारतीच्या उंचीपेक्षा 1 मीटर वर असावी. अन्यथा अरुंद गल्लीतील धूर समोरच्या खिडकीत शिरतो. ध्वनिरोधक आवरणापासून 1 मीटर अंतरावर आवाजाची मर्यादा 75 डेसिबल आहे. 800 किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनित्रांसाठी 1 जुलै 2023 पासून अधिक कठोर उत्सर्जन मानके लागू झाली आहेत. त्यामुळे जुने यंत्र स्वस्तात घेताना त्याच्या उत्सर्जनाचाही विचार करावयास हवा.

जनित्र व सार्वजनिक वाहिनी यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच असणे अपरिहार्य आहे. तो नसल्यास जनित्राची वीज उलट वाहिनीत शिरून दुरुस्ती करणाऱ्या वीज कर्मचाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

बॅटरीचा पर्याय

केवळ दिवे व संगणक दोन तास चालवायचे असतील, तर लागणारी ऊर्जा 2 युनिट होते. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांमध्ये कागदोपत्री 3.6 युनिट ऊर्जा साठते. त्यातील काही भाग वापरता येत नाही हे गृहीत धरूनही ही गरज भागते. याउलट 5 किलोवॅटचे जनित्र ताशी सुमारे दीड ते दोन लिटर डिझेल जाळते आणि प्रत्येक लिटरमागे सुमारे 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अल्पकाळाच्या खंडासाठी बॅटरी आणि दीर्घ खंडासाठी बेताचे जनित्र, अशी विभागणी अनेकदा किफायतशीर ठरते.

धोरणात्मक बाजू

अर्थशास्त्रात याला ‘बाह्य खर्च’ म्हणतात : लाभ दुकानदाराचा, तर धूर व आवाजाचा भार परिसराचा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत जयपूरचा समावेश आहे. वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांतील 2022 च्या दुरुस्तीने डिझेल जनित्र वापरणाऱ्यांनी पाच वर्षांत किंवा राज्य आयोगाने ठरविलेल्या मुदतीत स्वच्छ पर्यायांकडे वळण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. त्याच दुरुस्तीने मोठ्या शहरांत अखंड पुरवठ्याची जबाबदारी वितरण कंपन्यांवर टाकली आहे. या दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या पाहिजेत. पुरवठा विश्वासार्ह नसेल तर छोटा व्यावसायिक जनित्र सोडू शकणार नाही. मुंबईचा झवेरी बाजार असो वा पुण्याची तुळशीबाग, दाट वस्तीच्या प्रत्येक बाजारपेठेस हे लागू पडते. व्यावसायिकाने अत्यावश्यक भारापुरतेच यंत्र निवडावे आणि ते चालविण्याची वेळच क्वचित यावी, याची काळजी वितरण व्यवस्थेने घ्यावी, हाच यावरील टिकाऊ उपाय होय.