फुकट आहे, म्हणजे चोरीचं नव्हे

लिब्रेऑफिस हे पत्रं, तक्ते वगैरेंसाठीचं सॉफ्टवेअर पैसे न देता मिळतं, तेव्हा धंद्यात वापरलं तर उद्या नोटीस येईल, अशी धास्ती अनेक लघुउद्योजकांना असते. ती निराधार आहे. त्याचा परवाना कितीही संगणकांवर, नफ्याच्या कामासाठीही वापराची मुभा देतो. बेकायदा असते ती मायक्रोसॉफ्ट ऑफिसची क्रॅक केलेली प्रत, जी संगणक जोडून देणारा कित्येकदा न विचारताच टाकून जातो.

‘आपल्या फायली त्यात बिघडतात’ हा दुसरा समज. वर्ड-एक्सेलच्या फायली त्यात उघडतात. मांडणी हलते ती बरेचदा फॉन्टमुळे, म्हणून कॅलिब्रीच्या जागी नेमका त्याच रुंदीचा कार्लिटो सोबत दिलेला असतो. जुनं मराठी पत्र उघडल्यावर रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसतो, त्याचा दोषही उगाच याच्या माथी येतो. ते पत्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर वर्डमध्येही तेच दिसेल.

‘म्युनिकनेसुद्धा सोडलं’ हे अर्धसत्य आहे. जर्मनीतल्या त्या महापालिकेने सुमारे १५,००० संगणक विंडोजऐवजी लिनक्स आणि लिब्रेऑफिसवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचं ठरवलं, हे खरं. पण त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. आपली माहिती आपल्या ताब्यात राहावी, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

मात्र अकाउंटंट नको म्हणतो तेव्हा त्याला हेकट ठरवू नये. एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, लिब्रेऑफिसला पूर्णपणे पेलत नाहीत, आणि जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राचं ऑफलाइन टूल मॅक्रोवरच चालणारी एक्सेल फाइल आहे. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री ते अडलं, तर दंड धंद्याला बसतो.

शिवाय फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. माणसांना शिकवायला आणि कोटेशनचे नमुने नव्याने बसवायला दिवस जातात. लिब्रेऑफिसमागची संस्था, द डॉक्युमेंट फाउंडेशन, स्वतःच मोठ्या कंपन्यांना पैसे देऊन सपोर्ट घ्यायला सुचवते.

माझ्या मते अकाउंट्सच्या एक-दोन संगणकांवर परवान्याचं एक्सेल राहू द्यावं. पत्रं, कोटेशनं आणि हजेरीपत्रक आजपासून लिब्रेऑफिसवर नेता येतील.