फॅसिझमचे सनातनी टीकाकार

फॅसिझमवर टीका करणारा प्रत्येक जण लोकशाहीचा कैवारी असतोच असे नाही. इटलीच्या यूलियस एव्होलाचेच (१८९८–१९७४) पाहा. मुसोलिनीची राजवट गर्दीच्या जयघोषावर उभी, म्हणून ती त्याला हिणकस वाटे. त्याला हवी होती उच्चनीच श्रेणींची प्राचीन व्यवस्था. तरीही १९४१ मधील त्याचा वंशविषयक ग्रंथ मुसोलिनीला पसंत पडला! ज्यांच्यापासून एव्होलाने परंपरेचा विचार घेतला, ते फ्रान्सचे रेने गेनाँ मात्र १९३० मध्ये कैरोस गेले आणि पक्षीय राजकारणापासून दूरच राहिले. परंपरेवरील निष्ठा माणसाला हुकूमशाहीकडे नेतेच असे नाही. परंतु समतेचा तिरस्कार तिच्यात मिसळला, की ती वाट जवळची होते. म्हणून टीकाकाराला विचारावे: तुम्हांला याऐवजी काय हवे?