पाचोळा जातो कुठे?

मे महिन्यात परभणीकडच्या कुठल्याही काळ्या रानात जाऊन पाहा. जमीन इतकी भेगाळलेली असते, की वाटतं, इथे आता सगळं मेलं! काही भेगा तर मीटरभर खोल. (हात मात्र घालायचा नाही हं! आत विंचू असतो, कधी सापही.)

पण खरी गंमत या भेगांतच आहे. काळ्या मातीचे बारीक कण पाणी प्याले की फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात. मग वरची भुसभुशीत माती, तुरीचा पाला, मेलेले किडे, सगळं वाऱ्याबरोबर आत पडतं. मृगाचा पाऊस आला की माती फुगते, भेग मिटते. वरचं गेलं खाली! बैल नाही, ट्रॅक्टर नाही. जमीन आपली आपणच नांगरली जाते.

आत गेलेल्या पाल्यावर गांडुळं आणि वाळवी तुटून पडतात. पानाच्या चिवट शिरा बुरशी कुजवते. उरलंसुरलं जिवाणू खातात, आणि ते तर चिमूटभर मातीतही कोट्यवधी! पानातलं नत्र, स्फुरद, पालाश सुटं होतं आणि नव्या मुळांना मिळतं. यंदाच्या ज्वारीच्या कणसात गेल्या वर्षीची तूर असते, बरं का!

तूर मला फार मोठ्या मनाची वाटते. शेंगा पिकता पिकता ती पानं गाळून रान झाकते. तिच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात. तूर कापली, तुराट्या घरी गेल्या, तरी मुळं मातीतच कुजतात आणि ते नत्र पुढच्या पिकाला मिळतं.

आणि ही माती तरी कुठून आली? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला, थिजून काळा खडक झाला. तो खडक झिजून झिजून संपत गेला, तेव्हा ही माती झाली.

या पावसाळ्यात एक प्रयोग करा. कांद्याच्या जाळीदार पिशवीत कडुनिंबाची पानं, सुती चिंधी आणि प्लास्टिकचा तुकडा घालून ती वीतभर खोल पुरा. दिवाळीच्या सुट्टीत उकरा. प्लास्टिक तसंच सापडेल, कारण मातीत त्याला खाणारं जवळजवळ कुणी नाही. पानं आणि चिंधी किती उरली, ते वहीत लिहून ठेवा. आणि अंगणातला पाचोळा कुणी पेटवायला निघालं, तर त्यांना थांबवा. तो झाडाच्या बुंध्याशी पसरायला सांगा.