फोनवरचा हुंदका आणि आपण

ओलिसांचे हाल होताहेत ही बातमी अनेकदा हाल करणाराच पोचवतो. २०१०-११ च्या सुमारास सोमाली चाच्यांचा हा धंद्याचाच भाग होता. पकडलेल्या खलाशाच्या हातात सॅटेलाइट फोन द्यायचा, घरचा नंबर लावायला लावायचा आणि पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने त्याला मारायचं. ऐकणारी बायको, नाहीतर आई. ती कंपनीच्या दारात जाणार, तिथे दाद लागली नाही की वाहिन्यांकडे जाणार, वाहिन्या रात्री चर्चा लावणार, मालकावर दबाव येणार. आपण नुसते हळहळणारे बघे, असं आपल्याला वाटतं. चाच्यांच्या हिशेबात मात्र आपली हळहळही धरलेली असायची.

नवी मुंबईतल्या वाशीकरांना हे प्रकरण दूरचं नाही. करावे गावाजवळ टी. एस. चाणक्य, खाडीच्या तोंडाशी न्हाव्याला टी. एस. रहमान या जहाजी शिक्षणाच्या संस्था, बेलापुरात खलाशी भरती करणाऱ्या मॅनिंग एजंटांची ऑफिसं. त्यामुळे वाशी-नेरूळच्या मोठ्या सोसायट्यांत कोणी ना कोणी ‘जहाजावर’ असतोच. तो सुट्टीवर आला की लिफ्टमध्ये ठरलेले दोन प्रश्न: साइन ऑफ कधी झालं, म्हणजे जहाजावरून कधी उतरलास, आणि परत कधी? तिसरा कोणी तोंडावर विचारत नाही, पण मनात असतो: पगार डॉलरमध्ये ना? जहाज पळवल्याची बातमी आली की हा तिसरा प्रश्नच आधी बाहेर पडतो. ‘एवढा पैसा मिळतो, मग धोका आलाच की.’ सीमेवरच्या जवानाबद्दल असं कोणी बोलायला धजणार नाही. तेलवाहू जहाजावरच्या सेकंड इंजिनिअरबद्दल सहज बोललं जातं.

असाच एक सेकंड इंजिनिअर चिराग बहरी. मे २०१० मध्ये बहरी ज्यावर होते ते ‘मारिडा मार्गरीट’ हे टँकर जहाज ओमानजवळच्या समुद्रात पळवलं गेलं. जहाजावरच्या २२ जणांपैकी १९ भारतीय. त्यांच्यापैकी काहींना हात बांधून, कपडे उतरवून मांस साठवायच्या फ्रीझरमध्ये कोंडल्याचं पुढे जगाला कळलं. इतरही काही केलं गेलं, जे रविवारच्या पुरवणीत लिहिण्याजोगं नाही. डिसेंबर २०१० च्या अखेरीस खंडणी देऊन ते सुटले. चाच्यांचा वाटाघाटी करणारा मोहम्मद शिबिन याच्यावर अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या न्यायालयात खटला चालला, तेव्हा या खलाशांनी साक्षी दिल्या. २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. बहरी नंतर चाचेगिरीतून सुटलेल्या खलाशांसाठीच्या मदतकार्यात उतरले आणि आपल्यावर काय गुदरलं ते उघड बोलू लागले. असं बोलणारे फार थोडे.

‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि आपल्या प्रतिक्रियांचा खरा कस तिथे लागतो. हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये पळवलं गेलं. १५ जण, सगळे भारतीय. २०११ च्या सुरुवातीला आपल्या नौदलाने अरबी समुद्रात चाच्यांची जहाजं एकामागून एक पकडली: जानेवारीत १५ चाचे, फेब्रुवारीत २८, मार्चमध्ये ६१. हात वर करून डेकवर बसलेल्या चाच्यांचे फोटो आपण मोठ्या समाधानाने पाहिले. बरोबरच होतं ते. त्यांना मुंबईत आणून पुढे तळोज्याच्या तुरुंगात ठेवलं गेलं, म्हणजे वाशीहून खारघरच्या पलीकडे. एप्रिलमध्ये ‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’ची खंडणी पोचली. चाच्यांनी जहाज आणि आठ जण सोडले, सात मागे ठेवून घेतले. आमची माणसं द्या, मग तुमची देऊ, असा निरोप आला.

सरकारने मानलं नाही. मानायला नको होतंच, कारण एकदा हा रस्ता उघडला की प्रत्येक भारतीय खलाशाच्या डोक्यावर भाव चिकटला असता. पण हे वाक्य लिहायला सोपं, ते सात जणांच्या घरी जाऊन बोलणं कठीण. ते ऑक्टोबर २०१४ च्या शेवटी सुटले. चार वर्षांहून जास्त काळ. टाळ्या वाजवणारे आपण तोवर कधीच दुसऱ्या विषयाकडे वळलो होतो. तळोज्यातल्या चाच्यांच्या पहिल्या तुकडीला २०१७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यातली बरीचशी त्यांनी आधीच भोगली होती.

घरच्यांनी बोंब मारावी की गप्प बसावं, यावर आजही एकमत नाही. कंपनी सांगते, गप्प राहा, आवाज झाला की भाव वाढतो. घरच्यांचा अनुभव सांगतो, आवाज नाही केला तर फाइल हलत नाही. दोन्ही खरं आहे. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला पळवून नेलेल्या विमानातल्या प्रवाशांचे नातेवाईक दिल्लीत आक्रोश करत होते, तेव्हा ‘काहीही करा, पण सोडवा’ हाच सूर देशभर होता. तीन दहशतवादी सोडून प्रवासी परत आले आणि थोड्याच दिवसांत ‘शरणागती’ हा शब्द रूढ झाला. बोलणारी तोंडं बरीचशी तीच.

युद्ध असलं की आणखी एक गोष्ट होते: कोणाचे हाल खरे मानायचे हे आधीच ठरलेलं असतं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे २५० लोकांना गाझात नेलं. त्यांच्यापैकी काहींवर लैंगिक अत्याचार झाल्याची स्पष्ट आणि खात्रीलायक माहिती असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या प्रमिला पॅटन यांच्या अहवालाने मार्च २०२४ मध्ये म्हटलं. जुलैमध्ये त्याच संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने इस्रायलने डांबलेल्या पॅलेस्टिनींच्या छळाचा अहवाल दिला. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत पहिला अहवाल फिरवणारे दुसऱ्याला बनावट म्हणतात, दुसरा फिरवणारे पहिल्याला. दोन्ही वाचलेला माणूस ग्रुपवर सहसा काही टाकत नाही. तेलअवीवच्या चौकात ठिय्या देऊन बसलेल्या, ओलिसांच्या घरच्यांनाही बोल ऐकणं चुकलं नाही. तुम्ही सरकारला अडचणीत आणता, असं त्यांना त्यांच्याच लोकांनी सुनावलं.

आपल्या खलाशांपुरती एक गोष्ट बदलली. पूर्वी माणूस चाच्यांच्या ताब्यात आणि घरचा पगार बंद, असं घडायचं. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराची २०१८ ची दुरुस्ती डिसेंबर २०२० पासून लागू झाली. आता तो सुटेपर्यंत पगार चालू ठेवावा लागतो. भारताने २०२२ मध्ये चाचेगिरीविरोधी कायदाही केला.

सुटून आल्यावर काय, याला मात्र कायद्यात कलम नाही. विमानतळावर हार, पेढे, दोन दिवस कॅमेरे. मग शेजारी हळूच विचारतात, ‘खरंच मारलं का रे? कसं?’ आणि तो ‘थोडंफार’ म्हणून विषय बदलतो. रात्री झोप नसते, भांडं पडलं तरी दचकतो, पण डॉक्टरकडे जायला तयार होत नाही. कारण पुढच्या काँट्रॅक्टआधी मेडिकल असते, आणि मानसोपचार चालू असल्याचं कळलं तर मॅनिंगवाला दुसरा माणूस बघेल, ही भीती. घराचा हप्ता थांबत नाही. मेडिकलच्या फॉर्मवर झोपेच्या तक्रारीसमोर तो ‘नाही’वर खूण करतो.