नातीच्या पाठीशी एक ‘ताई’ असू द्या

आपली नात पुस्तकांच्या शेजारी धावण्याचे बूट ठेवून पिशवी भरते आणि महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहावयास जाते. पुढे आठवड्यातून दोनदा फोन येतो. ‘जेवलीस का?’ या आपल्या प्रश्नाला ‘हो, आजी’ एवढेच उत्तर मिळते. त्या दोन शब्दांआड पुष्कळ काही दडलेले असू शकते.

पहाटे सराव, मग तास, संध्याकाळी पुन्हा मैदान. तेथून परतेपर्यंत खानावळीतील भाजी संपलेली. तालुक्यात पहिली येणारी ही मुलगी येथे अनेकींतील एक होते. गुडघा दुखतो, पण संघनिवड प्रशिक्षकांच्या हाती, म्हणून त्यांना सांगवत नाही. घरी सांगावे, तर ‘परत ये’ म्हणतील ही धास्ती. अशा वेळी दोन वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेली एखादी ताई मोलाची ठरते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. तालमीत नव्या पोराला खुराक, व्यायाम आणि विश्रांती यांचा मेळ जुना पैलवानच शिकवतो. रॅगिंगविरोधी नियमावलीत (२००९) विद्यापीठ अनुदान आयोगानेही नवागतांसाठी मार्गदर्शक विद्यार्थ्यांची व्यवस्था सांगितली आहे : सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक. मात्र थोरपणाचा धाक आणि थोरपणाचा आधार यांत अंतर आहे. जी ताई कामे सांगते, अपमान करते वा गप्प राहावयास लावते, ती मार्गदर्शक नव्हे.

चांगली ताई काय करते? परीक्षा व स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर अर्ज कोणाकडे द्यावा, हे दाखवते. सरावाआधी केळे वा शेंगदाण्याचा लाडू जवळ ठेवावा, हे सुचवते. वजनी गटासाठी उपाशी राहणाऱ्या मुलीला वेळीच थांबवते. खाणे अपुरे आणि श्रम अधिक असले, की शरीर काटकसर करू लागते. मासिक पाळी अनियमित होते वा थांबते, हाडे ठिसूळ होऊन त्यांना बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे विशेष लक्ष वेधले. ती मुलांमध्येही आढळते. ‘सरावामुळे पाळी चुकायचीच’ हा मैदानावरचा समज म्हणूनच घातक होय.

तथापि ताई ही वैद्य नव्हे. ऐकून घेणे, धीर देणे आणि योग्य माणसाकडे सोबत नेणे, ही तिची मर्यादा. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गोंधळ वा वाढती डोकेदुखी दिसली, तर तत्काळ डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे कानी आले, तर ते गुपित राखू नये. वसतिगृहप्रमुखांना व घरी कळवावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर अहोरात्र बोलता येते.

आपण घरबसल्या काय करावे? ‘जिंकलीस का?’ याऐवजी ‘झोप किती झाली? दुखते कोठे? तुझ्या ताईचे नाव काय?’ असे विचारावे. उत्तर आल्यावर लगेच उपदेश करू नये. ती थकल्याचे सांगेल, तेव्हा ‘आमच्या वेळी’ने वाक्य सुरू करण्याचा मोह आवरावा. ताईचे नाव सांगता आले नाही, तर क्रीडा विभागात विचारण्यास तिला सुचवावे. आणि सुटीत ती घरी येईल, तेव्हा डब्यात लाडू दोघींपुरते भरावेत.