मोठ्या कुत्र्याला पुन्हा लस कशाला?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोपीच्या राखणीला कधी कुत्रंही सोबत जातं. पिलू असताना त्याला लस दिलेली असते, मग आता पुन्हा कशाला?

उत्तर रोगागणिक बदलतं. डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं टिकते. लहानपणीचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर वेळेवर झाला असेल, तर पुढे तीन वर्षांनी एक पुरतो. लेप्टोची लस मृत जिवाणूंची, तिचा जोर साधारण वर्षभर. हा रोग उंदरांच्या लघवीतून पसरतो. माजलगाव, गेवराईकडच्या ओलिताच्या उसात फिरणाऱ्या कुत्र्याला ती दरवर्षी द्यावी.

रेबीजच्या काही लसी तीन वर्षं टिकतात, हे खरं. तरीही मोकाट कुत्र्यांशी रोज गाठ पडते तिथे दरवर्षीच टोचा, असं मी आग्रहाने सांगेन. लक्षणं दिसू लागल्यावर कुत्रं वाचत नाही, माणूसही जवळजवळ नाहीच. टोळीसोबत जाणाऱ्या कुत्र्याला गाव सोडण्याआधीच लस द्या, कार्ड सामानात ठेवा. आणि लस दिलेलं कुत्रं चावलं तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठाच.