कमावलेली झडप

कातडे 'कमावतात' आणि पैसाही 'कमावतात'. मराठीचा मास्तर या नात्याने या एका क्रियापदावर मी वर्गात दहा मिनिटे सहज घालवीत आलो आहे. बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कच्चे कातडे मुरवले म्हणजे ते कुजत नाही, ते कमावले. परंतु हे क्रियापद एके दिवशी आमच्या आत्याच्या हृदयाशी येऊन ठेपेल, हे मात्र माझ्या स्वप्नीही नव्हते.

आत्या माळशिरसचीच. वय ६८, गळ्यात तुळशीची माळ. ज्ञानोबांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला आली, की दुसऱ्या दिवशी वेळापूरपर्यंत तिच्यासोबत चालायचे, हा तिचा नेम. लहानपणी तिचे सांधे सुजून ताप येत असे. तो ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप अधू करून गेला. गेल्या वर्षी आषाढात ती वेशीपाशीच धापा टाकीत बसली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, "आजी, झडप बदलावी लागेल. धातूची बसवली तर ती पुष्कळ वर्षे टिकेल. पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यायची आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासायचे. दुसऱ्या प्रकारच्या झडपेला तो जाच पुष्कळ कमी. पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते. तुमच्या वयाला मी दुसरी सुचवीन."

"ती कशाची असती?"

"गुरांच्या हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिची."

आत्या गप्प झाली. एस.टी. माळशिरसला पोहोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

मी मात्र स्वस्थ बसलो नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास एका प्रयोगशाळेत पदार्थांची ताकद मोजण्याचे काम करतो. त्याला गाठले. त्याने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची, ओलसर, पांढुरकी पट्टी यंत्राच्या दोन चिमट्यांत धरली. शरीरातल्यासारखेच ३७ अंश उष्ण असे खारे पाणी भोवती होते. यंत्र हळूहळू ओढू लागले. प्रथम पट्टी सहज लांबली. मग एकाएकी ताठ झाली आणि हटून बसली.

"सर, आतले तंतू नागमोडी असतात," तो म्हणाला. "ते सरळ होईपर्यंत ताण जाणवत नाही. सरळ झाले, की खरी ताकद दिसते."

मग त्याने त्याच तुकड्याची आडवी कापलेली पट्टी ओढून दाखवली. तिची चाल निराळी! लाकडाला असते तशी या पडद्यालाही दिशा असते. म्हणून चौघांनी चादर धरावी तसा तो चारही बाजूंनी ताणूनही पाहतात. जाडी मोजतात, टाका किती ओढ सोसतो हे पाहतात. झडपेची पाती त्यातून कोठून आणि कोणत्या दिशेने कापावी, हे कळण्यासाठी हा सगळा खटाटोप.

ही सावधगिरी ठेचा खाऊन आली आहे. धातूच्या पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी १९६० साली यशस्वीपणे बसवली. १९६५ साली पॅरिसमध्ये बिने आणि कार्पांतिए यांनी डुकराची झडप माणसाला बसवली. पण त्या सुरुवातीच्या झडपा फार टिकेनात. तेव्हा कार्पांतिए यांनी ग्लुटराल्डिहाइड हे रसायन वापरले. ते तंतूंना तंतू सांधते. कातडी कमावण्याच्या धंद्यातही ते वापरतात. म्हणजे आमच्या हिरड्याचेच काम! १९७१ साली लीड्स येथे आयोनेस्कू यांनी गुरांच्या हृदयावरणाची झडप आणली. त्या पहिल्या पिढीतल्या काही झडपांची पाती पुढे टाक्यापाशीच फाटली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची झडप १९९० साली प्रथम रोग्याला बसवली गेली. तिची तबकडी मात्र प्लॅस्टिकची आहे.

तयार झडपही यंत्रात घालून उघडझाप करायला लावतात. ऊतींच्या झडपेने निदान २० कोटी वेळा उघडझाप सोसावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मी कागदावर हिशेब मांडला. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १,०३,६८०; वर्षाला पावणेचार कोटींहून थोडे अधिक. म्हणजे २० कोटी ही जेमतेम सव्वापाच वर्षांची मजल. यंत्र ती काही महिन्यांत गाठते.

"म्हणजे पुढची खात्री नाही?" मी विचारले.

"यंत्रात जिवंत रक्त नसते, सर. पात्यांवर चुना साचून ती कडक होतात, ते यंत्राला दिसत नाही. तरुण माणसात हे लवकर होते. त्यासाठी रोग्यांवरच वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते."

त्याचा हा प्रामाणिकपणा मला भावला. खोटी हमी देणाऱ्यापेक्षा, 'येथवर तपासले, यापुढचे ठाऊक नाही' असे सांगणाऱ्यावर माणसाने विश्वास ठेवावा.

घरी येऊन मी आत्याला सगळे ऐकवले. धर्माची गोष्ट मात्र तोंडातून निघेना. तीच म्हणाली, "तू पट्टीचं सांगितलंस. मला रातभर मृदंग आठवत हुता. पुडीवर काय ताणलंय, ठावं हाय न्हवं? बकऱ्याचंच कातडं. त्यावर थाप पडल्याबिगर भजन उभं ऱ्हात न्हाई. मग माझ्या छातीत वाजलं तर माळ का बाटती?"

मी एवढी वर्षे मराठी शिकवतो. पण हा दाखला मला सुचला नव्हता.

मार्गशीर्षात शस्त्रक्रिया झाली. यंदा पालखी आली तेव्हा आत्या वेळापूरपर्यंत गेली नाही. डॉक्टरांची तशी आज्ञाच होती. पण ती वेशीपर्यंत आपल्या पायांनी गेली आणि न धापता परत आली. ओट्यावर टेकत मला म्हणाली, "ईस कोटी म्हणालास न्हवं? मोजीत बस आता."